कॉम्प्युटर नसलेला प्रिंटर

हे माझ्या सख्ख्या मामासोबत घडलंय. खोटं वाटलं तर वाटू दे. वेळ रात्रीची नव्हती, भर दुपारची होती. जागा... माझ्या मावशीच्या घरातली मागची खोली.

मामा प्रिंटर दुरुस्त करतो.

मावशीची मुलगी चिमणी सात वर्षांची असताना तापाने गेली. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. तिचे सगळे फोटो एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये होते. या उन्हाळ्यात तो जळला. मामाने जिवाचं रान केलं, पण एकही फोटो हाती लागला नाही.

"तिचा चेहरा विसरायला लागलेय रे मी," मावशी रडत म्हणाली.

कॉम्प्युटर भंगारात गेला. प्रिंटर तेवढा राहिला.

आणि त्या दुपारी... घरघर ऐकू आली.

मामा धावला. प्रिंटरची कॉम्प्युटरला जोडायची वायर नुसतीच लोंबत होती. तरी कागद आत ओढला गेला... आणि बाहेर आला.

वर केसांचा भांग. खाली सगळं कोरं.

मामाने कागद उलटसुलट करून पाहिला. "ताई, हा स्वस्तातला प्रिंटर. याला स्वतःचं डोकंच नाही गं. कुठे काळं, कुठे पांढरं, सगळं कॉम्प्युटर ठरवतो आणि पट्टी-पट्टीने पाठवतो. हा फक्त उमटवतो."

"मग?"

"मग हे कुणीतरी पाठवतंय."

तो प्लग काढायला वाकला. मावशी आडवी आली. "हात लावून तर बघ!"

दुसऱ्या दुपारी तेच पान पुन्हा आलं. या वेळी कपाळापर्यंत. मग भुवया... मग डोळे. मावशी खाणंपिणं सोडून तिथेच बसलेली.

शेवटी पूर्ण चेहरा आला.

हनुवटीवरचा तीळ चिमणीचाच. पण चेहरा विशीतल्या मुलीचा होता. आज असती तर एवढीच असती. असा फोटो कुणी काढलाच नव्हता.

"मोठी झाली रे माझी पोर..." मावशी कागद उराशी धरून हसत होती.

आता संपलं, असं त्याला वाटलं.

पण तीन दिवसांपूर्वी पुन्हा घरघर झाली. नवीन पान.

या वेळी दोन भांग. एक चिमणीचा. त्याला खेटून दुसरा... पिकलेल्या केसांचा.

मामाने मावशीच्या डोक्याकडे पाहिलं.

"ताई, पाया पडतो तुझ्या. बंद कर हे."

"पान पुरं होऊ दे," ती शांतपणे म्हणाली. त्याने प्लग काढू नये म्हणून त्यावर ठेवलेला हात तिने हलवला नाही.

काल रात्री मामाचा फोन आला होता. आता दोघींच्या भुवया आल्यात.