ऐकणाऱ्याची सही

कंपन्यांचे शताब्दी ग्रंथ लिहून देणं हा माझा धंदा आहे. आजवर दोन बँका, एक साबणाचा कारखाना आणि एका कुलपांच्या कंपनीचा इतिहास मी लिहिला. अशा पुस्तकांत संस्थापक दूरदृष्टीचेच असतात, कामगार घरच्यासारखे असतात आणि संप झालाच असेल तर त्याला 'कसोटीचा काळ' म्हणतात. पुस्तक कुणी वाचत नाही. समारंभात वाटतात, लोक घरी नेऊन टीव्हीखाली ठेवतात. त्यामुळे खोटं लिहिल्याचं मला कधी फारसं लागलं नाही.

मोटार कंपनीचं काम मात्र मी मुद्दाम मागून घेतलं. निम्म्या पैशांत करते म्हणाले. मी लग्नानंतरचं आडनाव लावते, त्यामुळे मी कुणाची मुलगी हे तिथे कुणाला कळणार नाही, असा माझा समज होता.

ही तीच कंपनी, जिच्या गाडीतून राष्ट्राध्यक्ष आणि नट फिरतात आणि बाकीचे लोक जिच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतात. वेगवान गाड्या इतरांच्याही होत्या. हिची ख्याती शांततेची. भरधाव गाडीत मागच्या सीटवर झोपलेलं मूल कूस बदलत नाही, असं लोक सांगायचे. ही शांतता आहे की नाही हे ठरवायला कारखान्यात एक माणूस नेमलेला असे. त्याला 'ऐकणारा' म्हणत. अठ्ठावीस वर्षं ते काम माझ्या बाबांनी केलं.

तयार झालेल्या प्रत्येक गाडीत बाबा मागच्या सीटवर बसायचे. अंगात लोकरीचे कपडे, पायात रबरी तळव्यांचे बूट. घड्याळ, किल्ल्या, सुटे पैसे सगळं बाहेर काढून ठेवायचं. पोटात गुरगुरू नये म्हणून सकाळी काही खायचे नाहीत. ड्रायव्हर कंपनीच्या धावपट्टीवर एक तास गाडी चालवायचा आणि त्या तासात दोघांनी ब्र काढायचा नाही, गाडीचं दार उघडायचं नाही. काही ऐकू आलं तर बाबा हात वर करायचे, गाडी परत आत जायची. नाही आलं तर एका कार्डावर सही करायचे. कार्डावर एकच वाक्य छापलेलं होतं, 'काही ऐकू आलं नाही.' त्या सहीशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नसे.

घरी या कानांनी आम्हाला जेरीस आणलं होतं. वरच्या मजल्यावरचा नळ गळतोय हे वरच्यांच्या आधी बाबांना कळायचं. दूध उतू जाणार हे ते बाहेरच्या खोलीतून सांगायचे. आईला स्वयंपाकघरात त्यांच्याविषयी पुटपुटायचीही सोय नव्हती. आतून तिने काही म्हटलं की बाहेरून उत्तर यायचं. आई म्हणायची, देवाने दोन कान दिले ते ठीक, पण ते दोन्ही ह्यांनाच का दिले.

मग ती निळी गाडी आली. बाबांनी तीन दिवस ओळीने हात वर केला. डाव्या बाजूला, मागे, कंगव्यावरून कुणी सावकाश नख फिरवावं तसा आवाज येतोय म्हणाले. मेकॅनिकांनी सगळं उघडून पाहिलं, त्यांना काही सापडलं नाही. चौथ्या दिवशी बाबा दुपारीच घरी आले आणि मी सही केली नाही, एवढंच आईला सांगून आडवे झाले. गाडी त्याच दिवशी संध्याकाळी मालकाकडे पोचली. एकोणीस दिवसांनी एका वळणावर तिचं मागचं डावं चाक निखळलं आणि मागे बसलेल्या मालकाच्या दोन मुली गेल्या.

चौकशीत कंपनीने कार्ड पुढे केलं. त्यावर बाबांची सही होती. खापर फोडायला डोकं मिळालं. मी तेव्हा सोळा वर्षांची होते, आईबरोबर त्या दालनात बसले होते, आणि बाकीच्यांनी पाहिली तशी ती सही मीही पाहिली. बाबा मात्र, मी केली नाही, मी हात वर केला होता, हेच धरून बसले. घरी आल्यावर मी त्यांना विचारलं, "सही तर तुमचीच आहे ना, बाबा?"

त्या प्रश्नाला आता बावीस वर्षं झाली. नोकरी गेली, ओळखीचे लोक रस्ता बदलून जायला लागले, हे सगळं त्यांनी सोसलं. पण रोज जेवताना एकदा तरी म्हणायचे, "मी हात वर केला होता." आई मान डोलवायची आणि ताटात वाढत राहायची. बाबा चौऱ्याहत्तरचे झाले होते. त्यांचे डोळे मिटायच्या आत कुणीतरी, शक्यतो त्या कंपनीनेच, ते खरं बोलत होते असं छापावं, यासाठी मी ते काम घेतलं. कंपनीवर उपकार करायला नव्हे.

कंपनीचं जुनं दप्तर संग्रहालयाच्या मागच्या खोलीत होतं. जमिनीवर लोकरीचा जाड नमदा अंथरलेला, भिंतींना लाकडी खण, मधोमध एक लांब टेबल. दप्तर सांभाळणाऱ्या बाई पन्नाशीच्या, नीटनेटक्या आणि फार हळू बोलणाऱ्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पुढे सरकायचा, पण टिकटिक नसायची. पहिले दोन दिवस मला ते बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मीही कुजबुजतेय. चौथ्या दिवशी कागदावर पेन्सिल ओढताना खरखर ऐकू येईना. सर्दीने कानांना दडे बसले असतील, असं म्हणून मी संध्याकाळी वाफ घेतली.

खणांमध्ये शंभर वर्षांची कार्डं होती. हजारो कार्डं, निरनिराळ्या हातांच्या सह्या आणि वाक्य एकच. मी बाईंना विचारलं, हात वर केल्याची नोंद कुठे असते. नसते, त्या म्हणाल्या. कार्डावर तशी जागाच नाही. गाडी दुरुस्त होऊन पुन्हा येते, तेव्हा सही होतेच. म्हणजे शंभर वर्षांत या कंपनीच्या एकाही गाडीत कुणालाही कधी काही ऐकू आलं नव्हतं. नाव कसं कमवायचं, हे ती कार्डं छापणाऱ्या माणसाला संस्थापकांपेक्षा जास्त कळत होतं.

निळ्या गाडीचा नंबर मला तोंडपाठ होता. पाचव्या दिवशी तिचं कार्ड सापडलं.

सहीची जागा कोरी होती.

मी ते उजेडात धरून पाहिलं. खाडाखोड नव्हती, पुसल्याची खूण नव्हती. तिथे कधी शाई लागलीच नव्हती. मी आधी फोनवर फोटो काढला आणि मग बाईंना गाठून, शक्य तेवढ्या मोठ्याने, विचारलं, चौकशीत दाखवलं ते कार्ड कुठलं?

बाईंनी कार्ड हातात घेतलं. ग्रंथालयाचं पुस्तक परत यायचं राहिलंय, अशा सुरात म्हणाल्या, "हो, ह्यावरची सही राहिलीय. शताब्दीच्या आधी सगळी कार्डं पूर्ण करायची आहेत. वडील कसे आहेत तुमचे?"

वडिलांबद्दल मी तिथे कुणालाही काही सांगितलं नव्हतं.

ती गाडीही तिथेच होती. अपघातातल्या गाड्या कंपनी परत विकत घेते, नव्यासारख्या करते. आपली मोडकी गाडी कुणाच्या नजरेस पडू देत नाही. निळी गाडी संग्रहालयाच्या टोकाला एका चौथऱ्यावर उभी होती, तिचं इंजिन काढून शेजारी काचेच्या पेटीत मांडलेलं. मी बसून बघू का, असं विचारल्यावर बाईंनी स्वतःच दार उघडलं.

मी मागच्या सीटवर बसले. दार लागलं. बाहेरचे आवाज बंद झाले, ते अपेक्षितच होतं. मग माझा श्वास ऐकू येईना. छातीत धडधडत होतं, हाताला लागत होतं, पण कानाला काही नाही. मी स्वतःचं नाव उच्चारून पाहिलं. ओठ हलल्याचं कळलं, बस.

आणि मग डाव्या बाजूला, मागे, कंगव्यावरून कुणीतरी सावकाश नख फिरवलं.

मी बाहेर आले तेव्हा साडी पाठीला चिकटली होती. थेट आईबाबांच्या घरी गेले. बाबांना कार्डाचा फोटो दाखवला आणि मी काय ऐकलं ते सांगितलं. "डावीकडून ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "आणि खालून वर. वरून खाली नाही." मी पुन्हा हो म्हटलं. मग त्यांनी माझा हात धरला आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले. माफ करा, असं म्हणायला मला बावीस वर्षं लागली, ते मी म्हटलं.

तिथेच थांबायला हवं होतं. बाबांना हवं होतं ते मिळालं होतं. छापील हवं होतं ते मला.

मी फोटो घेऊन गेले, तर कंपनीच्या प्रसिद्धी विभागाचे साहेब फारच गोड वागले. वडिलांना घेऊन या म्हणाले. पूर्वीसारखंच त्यांना त्या निळ्या गाडीत बसू द्या, एक तास. आवाज आला तर हात वर करतील, आम्ही तसं छापू. नाही आला तर सही करतील. काहीही झालं तरी पुस्तकात त्यांच्या नावाचं पान असेल, फोटोसकट. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. बावीस वर्षं अडून बसलेला माणूस आता सही करणार नाही, याची मला खात्री होती.

बाबा सकाळी काही न खाता निघाले. जुना लोकरीचा स्वेटर कपाटातून काढला होता. तो आता खांद्यांवर सैल झाला होता. संग्रहालयाच्या दारात त्यांनी घड्याळ आणि किल्ल्या माझ्या हातात दिल्या. नव्या नोकरीवर निघाल्यासारखे खुशीत होते. अकरा वाजता ते गाडीत बसले, डोळे मिटले आणि बाईंनी दार लावलं.

दहा मिनिटांनी त्यांचा हात वर गेला.

"बघा," मी म्हटलं. साहेब मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. बाई कार्ड घेऊन उभ्या होत्या. दोघांनीही मान वर केली नाही.

बाबांनी दुसराही हात वर केला. मग डोळे उघडले आणि मागे वळून सीटच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं.

मग ते ओरडायला लागले.

काचेतून मला त्यांचं उघडं तोंड दिसत होतं, मानेच्या शिरा दिसत होत्या. तळहात काचेवर आपटत होते. काच थरथरताना दिसत होती. आवाज कसलाच नव्हता.

मी दाराची मूठ ओढली. ती हलली नाही. मी किंचाळले, निदान मला तसं वाटलं.

"एक तास," साहेब म्हणाले. "नियम त्यांना माहीत आहे."

साडेअकराच्या सुमारास बाबा शांत झाले. हात गुडघ्यांवर ठेवून, समोर बघत, ताठ बसून राहिले.

बारा वाजता दार आतून उघडलं.

बाबांच्या कपाळावरची उभी आठी गेली होती. मला आठवतं तेव्हापासून ती तिथे होती. ते हसले, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तेवढंच. "उगाच ताणलं मी," ते म्हणाले. "काही नाही तिच्यात." बाईंनी पेन पुढे केलं. त्यांनी सही केली आणि खाली स्वतःहून तारीख घातली. आजची नाही, बावीस वर्षांपूर्वीची, ते दुपारीच घरी आले होते त्या दिवसाची.

रस्त्यावर आल्यावर मी फोनमधला फोटो उघडला. सही त्यातही होती.

पुस्तक वेळेवर निघालं. साहेबांनी शब्द पाळला. बाबांना एक अख्खं पान मिळालंय, अठ्ठावीस वर्षांत एकही गाडी चुकीची पास न केलेला माणूस म्हणून. तो मजकूर मीच लिहिला. आईने ते पुस्तक टीव्हीखाली नाही, वर ठेवलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. बाबा जेवताना आता काही म्हणत नाहीत, फारसं बोलतच नाहीत. "एवढ्या वर्षांनी घर शांत झालं गं," आई म्हणते. "डावीकडून ना, बाबा?" असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी काय म्हणालीस, अशा अर्थी कानामागे हात धरला.

परवा दुपारी मी गेले तेव्हा ते झोपले होते. आई शेजारी गेली होती. मी जमिनीवर बसले आणि त्यांच्या छातीला कान लावला. छाती उबदार होती, वर-खाली होत होती. मी बराच वेळ तशीच राहिले, निदान त्यांच्या काळजाचा एक ठोका ऐकू येईल म्हणून. मग त्यांनी डोळे न उघडता माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला थोपटू लागले, अगदी कानावर. हात लागत होता. आवाज येत नव्हता.