फक्कीचा गोल

ही गोष्ट खरी आहे. मी रचलेली असती तर तिचा शेवट जरा बरा केला असता.

ज्याच्या बाबतीत ती घडली तो वाल्मीक माझा सख्खा मावसभाऊ. एका ठेकेदाराकडे साईट सुपरवायझर आहे. अंगारे-धुपारे त्याला कधी पटले नाहीत. काम सुरू करताना नारळ फोडतो तो मजुरांच्या समाधानासाठी, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा स्वतःच तोंडात टाकतो.

घडलं ते गेल्या माघात. सकाळी पावणेसहाला, उजाडायच्या आत. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, कॅनॉलच्या अलीकडे एक नवं उद्यान झालंय, तिथे. नाव सांगत नाही. तुमच्यातले काही जण तिथे रोज फिरायला जात असतील.

पण खरी सुरुवात त्याच्या सव्वा वर्ष आधीची, दिवाळीनंतरची.

तिथे आधी तीन एकर पडीक जमीन होती. कधीकाळी झेंडू-शेवंतीचे मळे होते म्हणे. मग उद्यानाचं आरक्षण पडलं, मळे गेले आणि वीसेक वर्षं नुसतं गाजरगवत माजलं. आता नकाशा आला होता. कडेकडेने जॉगिंग ट्रॅक, मधे हिरवळ, एका कोपऱ्यात मुलांची खेळणी, बाकडी, दिवे.

कामाच्या पहिल्याच दिवशी मालनबाई आल्या.

साठी ओलांडलेल्या, नऊवारी नेसलेल्या. त्या जमिनीतला एक मळा त्यांच्या घरचा होता. आता मुलाबरोबर मखमलाबादकडे राहतात आणि अजून सकाळी फुलं विकतात. त्यांनी वाल्मीकला हाताला धरून एका वाळक्या शेवग्यापाशी नेलं. तिथे गवतात एक दगड होता. वीतभरच वर दिसत होता.

"हितं माझं लेकरू हाय, भाऊ," त्या म्हणाल्या.

आपल्याकडे दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवतात. मालनबाईंचा मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, त्यामुळे नावही ठेवायचं राहिलं. त्या बाळंतीण, त्यांना कोणी सोबत नेलं नाही. महिन्याने नवऱ्याने दगड तेवढा दाखवला. त्याला पस्तीस वर्षं झाली. नवराही गेला. दर अमावास्येला त्या येऊन दगडावर वाटीभर दूध ओततात.

त्यांचं मागणं फार मोठं नव्हतं. रस्ता इथून जाणार असेल तर एक दिवस आधी सांगा. मी मूठभर माती उचलून नेते, घरच्या तुळशीत घालते. मग खुशाल करा तुमचं काम.

वाल्मीकने शब्द दिला. एवढंच नाही, तर लाईन आखायला आणलेली पांढरी फक्की घेऊन त्याने स्वतःच्या हाताने त्या दगडाभोवती गोल मारला. मालनबाईंनी त्याचा मोबाईल नंबर पदराच्या गाठीत बांधून नेला.

आणि मग कामाची घाई झाली. कुंभमेळ्यामुळे शहरभर खोदकाम चाललेलं, मशीन मिळेना, मजूर मिळेनात. त्यात उद्घाटन महिनाभर अलीकडे आलं. वाल्मीक त्या दिवशी पेठ रोडच्या दुसऱ्या साईटवर होता. जेसीबीवाल्या भिकाचा फोन आला. साहेब, ट्रॅकच्या वळणावर फक्कीचा गोल आहे, त्याचं काय करू?

वाल्मीकच्या लक्षात होतं. नीट लक्षात होतं. हे तो आजही कबूल करतो.

तो म्हणाला, "घे साफ करून. मी बाईंना सांगतो."

सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिला. आठ दिवसांनी गेला तेव्हा शेवगा नव्हता, गवत नव्हतं, सगळी जमीन तळहातासारखी सपाट झालेली. वळणावर मुरूम टाकून रोलर फिरलेला. एका कडेला उकरलेल्या मातीचा ढीग होता आणि त्यात दगड दिसत होते.

दुसऱ्या दिवशी मालनबाई येणार होत्या. अमावास्या होती.

वाल्मीकने ढिगातला एक दगड उचलला. हाच असेल, असं स्वतःला सांगितलं. कंपाउंडच्या भिंतीलगत, पुढे बाकडं येणार होतं त्याच्या मागे, कोणाच्या पायात येणार नाही अशा जागी तो रोवला. वर थोडा शेंदूरही लावला.

मालनबाई आल्या. कितीतरी वेळ इकडेतिकडे बघत राहिल्या. झाडं तोडून जमीन सपाट केली की जन्मभर राबलेल्या माणसालाही स्वतःचं शेत ओळखू येत नाही.

"हितं व्हता व्हय? आन् एवढा मोठा?"

"जमिनीत रुतलेला होता ना मावशी. वर थोडाच दिसायचा. जागा तीच आहे, मी सोडली बरोबर."

त्यांनी वाकून वाल्मीकच्या पायांना हात लावला. आईच्या वयाची बाई. तो मागे सरकला, पण तेवढ्यात लागलाच हात. जाताना पिशवीभर घेवडा देऊन गेल्या. त्या रात्री त्याच्या बायकोने, आशाने, त्याचीच भाजी केली. वाल्मीक ताटावरून उठला.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने मनाशी म्हटलं. बाईला समाधान मिळालं, आपलं काम अडलं नाही. कोणाचं काय बिघडलं?

उद्यान सुरू झालं. देखभालीची मुदत ठेकेदाराकडेच होती, म्हणून वाल्मीक रोज पहाटे गेट उघडल्यावर एक चक्कर मारायचा.

पहिली तक्रार आली ती हिरवळीची. वळणापाशी तेवढी हिरवळ मेली होती. पुन्हा लावली. पुन्हा मेली. मग एका सकाळी तो तिथे उभा राहून बघू लागला.

लोक चालत यायचे. गप्पा मारत, कानात गाणी लावून, कुत्री घेऊन...

आणि वळणापाशी आले की ट्रॅक सोडून हिरवळीवर उतरायचे. चार पावलं टाकून परत ट्रॅकवर चढायचे.

एकजात सगळे.

रंगनाथ काका म्हणून एक निवृत्त शिक्षक रोज यायचे, त्यांना त्याने विचारलं. काका, इथे खाली का उतरता? ते म्हणाले, मी कुठे उतरलो? आणि बोलता बोलता पुन्हा उतरले.

वाल्मीकने त्याच दिवशी मजूर बोलावले.

ट्रॅकचे सिमेंटचे ब्लॉक उचलून बघितले. खाली मुरूम घट्ट, कोरडा. कुठे ओल नाही, कुठे पोकळी नाही. परत बसवले.

मालनबाई आता अमावास्येची वाट बघत नव्हत्या. रोज पहाटे, फुलबाजारात जायच्या आधी, यायच्या. दगडापाशी मांडी घालून बसायच्या. एकदा त्यांनी वाल्मीकला जवळ बोलावलं. चेहरा उजळलेला होता.

"पस्तीस वर्षांत कधी आला नव्हता, भाऊ. आता रोज येतो."

"कोण, मावशी?"

"हितं बसले की मांडी जड व्हती. ऊब लागती. तुमचे लय उपकार झाले."

म्हाताऱ्या माणसाच्या मनाचे खेळ, असं मनाशी म्हणून वाल्मीक निघाला. ट्रॅकवरून वळणापर्यंत आला.

आणि थांबला.

आधी त्याला कळेना काय चुकतंय. मग कळलं. पाखरं गप्प झाली होती. कॅनॉलकडच्या झाडांवर रोज पहाटे नुसता गलका असतो...

तो नव्हता.

त्या शांततेत एक आवाज येत होता. बारीक. ओला. पायाखालून.

चुक... चुक... चुक...

वाल्मीकला मुलगी आहे. घरात तान्हं मूल असलेल्या कोणालाही तो आवाज ओळखू येईल. भुकेलं मूल स्वतःची मूठ चोखतं, तो आवाज.

मग चोखणं थांबायचं. मुठीतून काही मिळत नाही म्हटल्यावर लेकरू जसं कण्हतं, तसं बारीक कण्हणं यायचं.

मग पुन्हा मूठ.

तो पळाला नाही. त्याला तिथून भिंतीजवळच्या मालनबाई दिसत होत्या. त्या पदर सावरून मांडी हलकेच हलवत होत्या, आणि वाटीतलं दूध थेंब थेंब दगडावर सोडत होत्या.

दूध तिकडे. भूक इकडे. मधे फार तर तीस पावलं.

पंधरा दिवस त्याने तो आवाज ऐकला. दुसऱ्या कोणाला ऐकू येत नव्हता. अन्न गोड लागेना, झोप लागेना. एक दिवस घरून बाटलीत दूध आणून त्याने चोरासारखं वळणावर ओतलं. ब्लॉकच्या सांध्यांत वाळू असते, पाणी टाकलं तर बघता बघता जिरतं.

दूध जिरलं नाही. तसंच वर पसरून राहिलं. खाली कण्हणं चालूच.

सांगावं, तर त्या बाईचं म्हातारपणी मिळालेलं सुख आपणच हिसकावून घ्यायचं. न सांगावं, तर रोज हे ऐकायचं. शेवटी माघातल्या त्या मंगळवारी पावणेसहाला तो मालनबाईंसमोर जाऊन जमिनीवर बसला. सगळं सांगितलं. भिकाचा फोन, आपण दिलेला होकार, ढिगातला दगड, शेंदूर. तुमचं बाळ इथे नाही मावशी, तिकडे वळणावर ट्रॅकखाली आहे, आणि ते उपाशी आहे. हे बोलताना तो रडला. मोठा झाल्यापासून मी त्याला रडताना पाहिलेलं नाही.

त्याला वाटलं, बाई शिव्या देतील. थोबाडीत मारतील. त्याला ते हवंच होतं.

मालनबाई वळणाकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर हळूहळू स्वतःच्या मांडीकडे आली.

"मंग भाऊ..." त्या अगदी दबक्या आवाजात म्हणाल्या, "हे कोणाचं हाय?"

मांडीवर काहीच नव्हतं. वाल्मीक शपथेवर सांगतो, काहीच नव्हतं. पण त्यांच्या लुगड्याला मधोमध झोळ पडला होता. वजनाने पडतो तसा.

त्यांना उठायचं होतं. वळणाकडे जायचं होतं. त्यांनी हात पुढे केला, वाल्मीकने धरून ओढला. पन्नास किलोचीही बाई नसेल. त्याने सगळा जोर लावला तरी त्या जमिनीवरून तसूभर हलल्या नाहीत.

चांगलं उजाडल्यावर, फिरणाऱ्यांची गर्दी वाढल्यावर, त्या आपोआप उठल्या.

त्याच दिवशी दुपारी वाल्मीकने भिकाला फोन लावला. त्या गोलातला दगड कसा होता, तुला आठवतो का? भिकाने जे सांगितलं ते ऐकून त्याने गाडी कडेला घेतली.

"साहेब, गोलातला धरून दगड तर पाच निघाले व्हते. सगळे असेच, गवतात रुतलेले. त्या बांधाला आसपासच्या मळ्यांतली लोकं ठेवायची वाटतं लेकरं. तुम्ही एकाचंच बोलले व्हते, म्हणून बाकीच्यांचं काय विचारलं नाय."

दुसऱ्या दिवशी त्याने हेही मालनबाईंना सांगितलं. लपवायला आता काही उरलं नव्हतं. म्हणाला, मावशी, तो दगड मी आजच काढतो, तुम्ही वळणावर बसा, लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

मालनबाईंनी दगडावर हात ठेवला.

"नका काढू. त्याची आई कुठं असंल, हाय का नाय, कोणाला ठावं? मांडीवरचं खाली टाकून दुसऱ्याकडं कसं जाऊ, भाऊ? दोन्ही लेकरंच."

आता त्या रोज दोन वाट्या आणतात. एक दगडावर ओततात. दुसरी वाल्मीककडे देतात आणि बसल्या जागेवरून वळणाकडे बघत राहतात. त्यांना तिथून आवाज येत नाही. काय म्हणतो माझा, असं रोज विचारतात. वाल्मीक रोज सांगतो, निजलाय. इतकं सगळं कबूल केल्यावर हे एक खोटं मात्र त्याला सोडवत नाही.

देखभालीची मुदत संपली. ठेकेदाराने त्याला दुसरीकडे पाठवलं. तरी तो पहाटे तिथे जातोच. मीही एकदा गेलो होतो. मला आवाज आला नाही. पण त्याने वाटी रिकामी केली आणि ते दूध ब्लॉकवर तसंच पांढरं पसरलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पाच दगड निघाले होते. दोघांचा पत्ता लागला. बाकीचे तीन कोणत्या भरावात गेले, कशाखाली गेले, ते भिकाला नक्की माहीत असणार. उद्यानात हिरवळ आहे, बाकडी आहेत, संध्याकाळी मुलांनी गजबजलेला खेळण्यांचा कोपरा आहे.

वाल्मीकने भिकाला अजून विचारलेलं नाही. विचार, असं मीही त्याला म्हणत नाही.