गल्लीच्या नावाची बातमी

शहागंजात अफजलच्या दुकानात महेजबीन पहिल्यांदा गेली, ती पाण्याची जळलेली मोटार दुरुस्तीला घेऊन. दोन हजार एकोणीसचा उन्हाळा होता तो. शहर चहूबाजूंनी वाढत चाललेलं आणि नळाला पाणी सातव्या दिवशी!

अफजल मोबाइलमध्ये गुंतला होता.

"एक मिनिट हं, मॅडम. हे बातम्यांचं ॲप बंद करतो. उद्या वर्गणी संपतेय."

तिनं वाकून पाहिलं... आणि तिचे कान तापले. ॲप तिच्याच वर्तमानपत्राचं होतं. वाचक टिकावेत म्हणून त्यात काय द्यायचं, हे ठरवणं तिचंच काम.

"का बंद करताय?"

"साऱ्या जगाची खबर देतं. माझ्या गल्लीत पाणी कधी येणार, तेवढं सांगत नाय."

"ते ॲप मी बनवते," ती ताठ होऊन म्हणाली.

त्यानं मान वर केली. तिच्याकडं बघतच राहिला, मग ऑइलनं काळ्या झालेल्या हातांनी स्टूल पुढं ओढलं. "मग बसा की... भांडण बसून केलेलं बरं."

नको नको म्हणताना तिला हसू फुटलंच.

आठवडाभरात तिनं संपादकांपुढं कल्पना मांडली. वाचकानं आपली गल्ली निवडायची. तिथल्या पाण्याची, विजेची, रस्त्याची खबर आधी, जग नंतर.

"ही काय बातमी झाली?" संपादक मोतीराम सर म्हणाले. "एक महिना देतो. वाचक थांबले नाहीत, तर हे बंद."

पाण्याची पालिकेच्या कागदावरची वेळ एक, नळाची दुसरी. खरी वेळ अफजलला ठाऊक. पाणी आलं की मोटारी अडायच्या आणि फोन त्यालाच यायचे. मग रोज दुपारी महेजबीन दुकानात. तो गिऱ्हाइकांना विचारायचा, ती टिपून घ्यायची. मध्येच नजरानजर व्हायची, आणि गल्लीचं नाव दोनदा विचारावं लागायचं...

दुसऱ्याच आठवड्यात फजिती झाली. शेजारच्या चेलीपुऱ्याला 'आज चार वाजता' असं कळवलं, आणि पाणी आलंच नाही. लोक कामं बुडवून थांबलेले.

"वाटतं, तोंड लपवून बसावं," ती रडवेली झाली.

"उलट नाव टाका तुमचं. माफी मागा. आमचे लोक दिलदार आहेत."

तिनं स्वतःच्या नावानं माफी मागितली. खाली एक बटण दिलं – 'आमच्याकडं पाणी आलं'. आता वाचकच एकमेकांना कळवू लागले. महिनाअखेरीस ॲप सोडणारे निम्म्यावर आले. भर बैठकीत मोतीराम सर उठून उभे राहिले. "हे महेजबीननं केलं. माझा अंदाज चुकला."

पाठोपाठ पुण्याच्या मुख्य कचेरीतून बोलावणं आलं; सगळ्या शहरांसाठी हेच उभं करायचं. सहा महिने.

अफजलनं ऐकलं. त्यानं हात पुसले.

"जा. लई अभिमान वाटतो तुमचा."

"'थांबा' असं नाही म्हणणार?"

"म्हटलं, तर थांबाल?"

"नाही."

"म्हणूनच तर जीव जडला."

तिच्या गालांवर रंग चढला, पण नजर तिनं खाली घातली नाही. "माझाही जडलाय. जायच्या आधी, शुक्रवारी अब्बांना भेटायला या."

"त्यांना काय सांगू?"

"ते तुम्ही ठरवा."

"सांगतो – तुमच्या लेकीच्या एका शब्दावर अख्खं शहर पाणी भरतं. मग मी एकटा कसा सुटणार!"

महेजबीन इतकी मोकळी हसली, की समोरचे दुकानदारही वळून बघू लागले. 'बघू देत,' म्हणाली, आणि तिथंच बसून राहिली.