उजव्या हाताची निर्गुंडी

"अहो, पूरी जुडी तुम्हीच नेणार का? थोडी मला पण सोडा ना!"

गोपाल मंदिराजवळच्या जडीबुटीवालीकडची निर्गुंडीची शेवटची जुडी मी उचलली आणि मागून हे मराठी आलं. वळून पाहिलं. उंच, किडकिडीत, बोटं नखांपर्यंत निळी... आणि हसू असं, की रागावणंच जमू नये.

"आईसाठी नेतेय," मी म्हटलं. "सांधे दुखतात तिचे."

साफ खोटं. आई सोलापुरात रोज दोन जिने चढते. दुखतात ते माझे हात – एकतिसाव्या वर्षी. खरं एकदा सांगितलं होतं, तर ठरलेलं लग्न मोडलं. "आत्ताच ही गत, तर पुढे काय?" असं मुलाची आई माझ्या तोंडावर म्हणाली. मग मी बँकेत बदली मागून उज्जैनला आले, फ्रीगंजात खोली घेतली आणि या विषयाला कुलूप लावलं.

जुडी आम्ही अर्धी अर्धी केली. त्याला ती आईच्या गुडघ्यांसाठी हवी होती. नाव आल्हाद, भैरवगढला बाटिकचं, कापड रंगवण्याचं काम. मग दर रविवारी तो तिथे भेटू लागला. चहा होऊ लागला.

"काकूंना सांगा, मेथी भिगवून खायची. पण डॉक्टरची दवाई बंद नाही करायची हं! माझी आई करते आणि मग रडते."

"सांगते."

"मला कधी भेटवणार त्यांना?"

"तिला फारशी माणसं आवडत नाहीत."

"आणि तुम्हाला?"

"...बघावं लागेल."

अशी हसत घरी यायचे, आणि दार उघडलं की खोली गप्प. तव्यावर पाला गरम करायचा, एरंडेल लावायचं, डावा हात उजव्याने बांधायचा, गाठ दातांनी ओढायची. मग उजवा? तो कोण बांधणार? तो तसाच ठणकत राहायचा. दिवसभर बँकेत माणसांत असते मी, पण आपल्याला कोणी नाही हे मला रोज त्या उघड्या हातापाशी कळायचं.

संक्रांतीच्या सकाळी बेल वाजली. दारात आल्हाद! खोली कुठे ते चहाच्या गप्पांत मीच सांगून बसले होते.

"काकूंना तिळगूळ द्यायला आलो. आज तर नाही म्हणू नका."

त्याने माझ्या उजव्या हातावर हलवा ठेवला. थंडीत सकाळी माझी बोटं मिटतच नाहीत. सगळा हलवा फरशीवर सांडला.

तो हाताकडे बघत राहिला. सुजलेल्या पेरांकडे.

"आई इथे नाहीच," मी तोडून बोलले. "हात माझेच आहेत. कळलं ना? आता जा तुम्ही."

जाईल, असंच वाटलं मला. पण तो चपला काढून आत आला.

"डावा बांधलाय. हा का नाही?"

"एका हाताने बांधता येत नाही, आल्हाद."

त्याने गॅस पेटवला. पाला उलटसुलट केला, माझ्यासमोर बसला.

"हे दुखणं वाढू शकतं," मी म्हटलं. "नीट ऐका."

"ऐकलं. म्हातारा तर मी पण होणार आहे. की फक्त तूच होणार?"

"तुमच्या आई काय म्हणतील?"

"म्हणेल काही तरी. मग मी पण म्हणेन."

फडक्याची ऊब पेरापेरांत उतरत गेली. गाठ मारताना तो इतका जपून वागत होता, की मला राहवेना.

"मला... तुम्ही आवडता. फार."

त्याची बोटं थांबली. "मग रविवारी एवढ्या निर्गुंडीचं मी काय करत होतो, वाटलं तुला? आईला महिन्यातून एक जुडी पुष्कळ होते!"

मी हसले, आणि हसता हसता डोळे वाहू लागले. पुसायला गेले, तर दोन्ही हात फडक्यात.

"पुसू?" त्याने विचारलं.

"नको... राहू दे," मी म्हणाले, आणि त्याच्यासमोर पोटभर रडून घेतलं.