मीडांचं बोलणं

माझ्या मुलीला, सुलेखाला, दुसरी मुलगी झाली ते १९८४ साल. बाळ सांभाळायला माझी बायको उरली नव्हती, म्हणून मीच इचलकरंजीहून अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला, तिच्या घरी गेलो. सारा जन्म मागावर गेलेला. बासष्टाव्या वर्षी सुलेखानेच मला लिहायला शिकवलं. कानावर पडेल ते वहीत उतरवायचं, हा तिने लावलेला नेम.

तळघरात विवेक भाड्याने राहायचा. शिकागोत मीड लोकांच्या भाषेवर डॉक्टरेट करत होता. हे इराणातले फार जुने लोक. त्यांनी राज्य केलं, पण त्यांच्या भाषेतली लिहिलेली एक ओळ सापडलेली नाही. दुसऱ्यांनी टिपलेले थोडे शब्द तेवढे राहिले.

"काका, माझ्या लोकांनी लिहायचंच टाळलं. तुम्ही कशाला हात दुखवून घेता?" तो चिडवायचा.

गाइडने त्याला मार्चची मुदत दिली होती. नवं काही मिळालं नाही तर स्कॉलरशिप बंद, परत घरी.

डिसेंबरात दुपारी नात झोपली की गरम हवा वर येते त्या हीटिंगच्या जाळीतून खालचं बोलणं ऐकू येऊ लागलं. पुरुषाचा आवाज, सावकाश. विवेक त्याच्या मीडांचे शब्द पाठ करतोय असं समजून मी उतरवत गेलो.

विवेकने वही दोनदा वाचली. त्या सगळ्या दुपारी तो शिकागोत होता. दोन शब्द त्याच्या ओळखीचे निघाले. बाकीचे, त्याच्या अभ्यासाप्रमाणे जसे असायला हवेत, तसेच होते.

"गाइडला काय सांगू? नेपरव्हिलच्या बेसमेंटमधून आले?"

आम्ही तळघर पाहिलं. घर तापवायची भट्टी, पुस्तकं, त्याची बॅग. खाली आवाज येतच नव्हता. तो फक्त वर, जाळीपाशी यायचा.

मी लिहिणं बंद करतो म्हणालो. त्याने मार्चपर्यंत लिहा म्हणून गळ घातली. जानेवारीत तोही माझ्याशेजारी येऊन बसू लागला.

"तो काहीतरी विचारतोय, काका. उत्तर दिलं तर पुढचं बोलेल."

"कशाला वाटेला जातोस?"

"अडीच हजार वर्षं त्याला कुणी उत्तर दिलेलं नाही."

विवेकने वाकून जाळीत त्या भाषेतलं एक वाक्य म्हटलं. आवाज थांबला. दोन दिवस काही नाही.

गुरुवारी माझ्या वहीच्या झेरॉक्स घेऊन तो गाइडकडे निघाला.

शुक्रवारी दुपारी जाळीतून दोन आवाज आले. दुसरा विवेकचा. चहाला वर न येता परस्पर खाली गेला वाटतं, असं म्हणून मी लिहायला बसलो. दोघं न थांबता बोलत होते. विवेक एकदा हसला. चार पानं भरली. खाली तारीख घातली: शुक्रवार, १८ जानेवारी १९८५.

मग कामावरून सुलेखाचा फोन आला. पोलिसांना पत्ता शोधायला वेळ लागला होता.

विवेक आदल्या दिवशी, गुरुवारी १७ तारखेला सकाळी, शिकागोच्या गाडीत बसल्या जागी वारला होता.