सोनेरी नारळ

"बंद कर गो तो सिनेमा!" मथुरा खुर्चीतून ताडकन उठली, तशी अंधेरीच्या त्या छोट्याशा थिएटरात पडद्यावरचं भूतसुद्धा गप्प झाल्यासारखं वाटलं!

वेसाव्याच्या बाजारात मासळी विकून तिनं ज्या रोशनीला शिकवलं, त्याच लेकीनं हा भुताचा सिनेमा काढला होता... हरवलेल्या लेकराला खाडीकाठी शोधत फिरणाऱ्या आईचा! आजचा खेळ घरच्यांपुरता. मघापर्यंत मथुरा टोमणे मारत होती, "भूत एवढं गोरं कसं? हिला खारं वारं लागत नाय काय?"

पण काळीज आतून फाटत होतं. नारळी पौर्णिमेला दर्याला वाहिलेले, सोनेरी कागदात मढवलेले नारळ पकडायला कोळ्यांची पोरं पाण्यात उड्या घेतात. एका वर्षी तिच्या लेकानं, विकीनंही घेतली, आणि तो वर आलाच नाही... खाडीतल्या तिवरांच्या चिखलात हाका मारून तिचा घसा फाटला, पण पोराचा देहसुद्धा हाती लागला नाही! "नारळ आणायला मीच त्याला धाडलं," असं तिनं साऱ्या कोळीवाड्याला सांगितलं. नवरा, बळवंत, मरेपर्यंत तिच्याशी बोलला नाही, आणि रोशनी तर "माझ्या भावाला खाल्लंस तू" म्हणतच मोठी झाली. मथुरानं सगळं गिळलं.

आणि आता पडद्यावर, किनाऱ्यावरची एक चिमुरडी बोट दाखवत होती... "दादा, तो सोनेरी नारळ मला आण ना!"

"ती पोर काढून टाक, रोशनी!"

"का? मी मनानं रचलीय तिला, आये."

"तिथं कोण पोरबिर नव्हती! मी धाडलं त्याला, मी!"

रोशनी पांढरीफटक पडली. "पण तू... तू तर घरी नारळीभात करत होतीस. तुला बोलवायला मी किनाऱ्यावरून धावत आले होते... आये, ती पोर मीच ना गं?"

मथुराचा सारा ताठा गळून पडला. "एवढीशी होतीस गो, मला सांगितलंस आणि विसरून गेलीस... तुला काय कळत होतं? एक लेकरू दर्यानं नेलं, दुसरं लोकांच्या तोंडी देऊ?"

"आणि मी तुलाच भूत केलं, आये!" रोशनी तिच्या कुशीत कोसळली.

मासळीचा वास असलेल्या पदरानं मथुरानं लेकीचे डोळे पुसले. "केलंस तर केलंस. पण तुझ्या भुताला हाक मारता येत नाय बघ..."

आणि त्या अंधारात, इतक्या वर्षांनी, दोघींनी मिळून विकीला हाक मारली...