निघालं… उतरलं

फोनवरचा म्हातारा कारकून आजारी पडला नसता, तर या दोघांची गाठच पडली नसती. त्या दिवशी त्याच्या जागी रिसीव्हर तिनं उचलला आणि डोंगरापलीकडच्या विमानतळावरून एक कोवळा आवाज आला, "निघालं."

"कोण निघालं?"

"विमान हो! इथून दुसरं कोण निघणार?"

दोन्ही विमानतळ खेळण्याएवढे. विमानाला चाळीस मिनिटं, डोंगराला वळसा घालून बसनं आलं तर अख्खा दिवस. तिकडून त्यानं 'निघालं' कळवायचं, इकडून तिनं 'उतरलं'. काम एवढंच. पण त्या दोन शब्दांना हळूहळू शेपूट फुटलं.

"निघालं… आणि जेवलात का?"

"उतरलं… तुमचा खोकला कसाय?"

वर्ष झालं, एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. कारण मोठं मजेशीर— विमानतळावर नोकरी करणारा हा गडी विमानात बसायला घाबरायचा!

परवा ती फणकारली होती. "आत्या म्हणते, नुसत्या आवाजाला मुलगी द्यायची का? या की एकदा विमानानं. का पाय लटपटतात?"

तो हसला नव्हता. "बघू…" म्हणाला होता.

आज फोनवर दुसऱ्याच कुणाचा घोगरा आवाज. "निघालं. आमचा भित्रा आत बसलाय बरं का! सांभाळा."

ती लाजली, हसली… आणि खिडकीबाहेर बघून हसू विरलं. धावपट्टीवरची वाऱ्याची कापडी नळी ताठ झाली होती. डोंगराचा माथा काळ्या ढगात बुडाला होता.

चाळीस मिनिटं झाली. आभाळ रिकामंच.

"वारा समोरून आहे," रेडिओवाला म्हणाला. पण तिच्याकडे न बघता.

समोरच्या टपरीतून आत्या चहा घेऊन आली. "तोंड का उतरलंय गं?"

"मीच डिवचलं त्याला… आत्या, मीच चढवलं!"

आत्यानं काही टोला हाणला नाही. नुसता खांद्यावर हात ठेवला. आत्याची जीभ गप्प बसलेली तिनं जन्मात पाहिली नव्हती. ती खरी घाबरली ती तेव्हा.

फोन खणाणला. घोगऱ्या आवाजातली थट्टा गेली होती. "उतरलं का?"

"नाही… अजून नाही."

रिसीव्हर तिच्या हातातच राहिला. मग लांबून एक घरघर. ढगातून विमान बाहेर आलं, तिरकं झालं. चाकं टेकली, उसळली… पुन्हा टेकली.

सगळ्यांत शेवटी जिन्याची दांडी घट्ट धरून एकजण उतरला. घामानं सदरा चिंब, चेहरा पांढराफटक. हाच तो, हे तिला सांगायला कुणी लागलं नाही. तो थेट तिच्या खिडकीशी आला, तिच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "उतरलं."

तिचा बांध फुटला. "किती उशीर!"

"सगळी वाट डोळे मिटून… तुमचाच आवाज आठवत होतो."

"आवाजाला हातपाय आहेत म्हणायचे," आत्याची जीभ सुटली. "आधी पाणी दे त्याला, मग रड."

पाणी पिऊन त्यानं हळूच विचारलं, "परतीचं विमान…"

"तासाभरात." त्याचा चेहरा पाहून ती ओढणीआड हसली. "बसही आहे. उद्या सकाळी. अख्खा दिवस लागतो, एकट्याला कंटाळा येईल…"

"म्हणून विचारतो— याल सोबत? आईला भेटायला?"

तिनं आत्याकडे पाहिलं.

"बघतेस काय? येणार आम्ही दोघीही," आत्या म्हणाली. "खिडकी मात्र माझी. तुमचं काय, तुम्हा दोघांना बाहेर थोडंच बघायचंय!"